गिरजाबाईंचा अर्धा तास

ब्रह्मपुरीत बसस्टँडच्या मागच्या रस्त्याला एका शिक्षणसंस्थेची जुनी इमारत आहे. तिच्या वरच्या मजल्यावर ‘रेडिओ पांदण’ चालतो. चालतो म्हणजे दोन खोल्या आहेत. एकीत बोलतात आणि दुसरीत बाकीचं सगळं होतं. गच्चीवर टॉवर आहे. हवा बरी असेल तर आवाज वैनगंगा ओलांडून वडसाच्या बाजूच्या गावांत पोचतो, नसेल तर गावाबाहेरच्या राइसमिलपाशीच थकतो.

संघप्रिया खोब्रागडे तिथली कार्यक्रमप्रमुख. निवेदन तिचं, लिखाण तिचं, पाहुण्यांना चहा सांगणंही तिचंच. यंत्रं रईस शेख सांभाळायचा. त्याचं बोलणं कमी होतं, पण काचेपलीकडून तो भुवया उडवायचा आणि त्यावरून संघप्रियाला कळायचं की आवाज फाटतोय, की वेळ संपत आली, की बोलणारा माणूस कंटाळवाणा आहे.

केंद्राला पाच वर्षं झाली म्हणून संस्थेचे सचिव प्रफुल्ल सर यांच्या डोक्यात एक कल्पना आली. वाढदिवसाच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळं थेट प्रक्षेपण. रेकॉर्ड केलेलं काही वाजवायचं नाही. भजन, शेती, आरोग्य, गोंडी गाणी, सिरोंच्याकडच्या विद्यार्थ्यांची तेलुगू गाणी, मुलांचा कट्टा, पाककृती, प्रश्नमंजूषा, सगळं एका दिवसात.

“लोकांना कळलं पाहिजे, आपण काय काय करतो ते,” सर म्हणाले होते.

संघप्रियाने सगळ्यांच्या वेळा बसवल्या. त्यात स्वतःसाठी तिने एकच मागितलं होतं. अकराचा अर्धा तास गिरजाबाईंना.

गिरजाबाई मेश्राम हे नाव झाडीपट्टीत चाळिशीपुढच्या कोणालाही सांगावं लागत नाही. दिवाळी झाली की वडसाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. त्या गाड्यांमध्ये गिरजाबाईंनी उमेदीची सगळी वर्षं काढली. कधी सासू, कधी सून, कधी राणी, कधी भीक मागणारी. संघप्रिया लहान असताना तिच्या गावच्या मंडपात एकदा भोंगा बंद पडला होता. लोक ओरडायला लागले, तेव्हा या बाई पुढे आल्या आणि नुसत्या गळ्यावर त्यांनी पूर्ण अंक नेला. शेवटच्या ओळीत बापाच्या खांद्यावर बसलेल्या संघप्रियाला शब्द न् शब्द ऐकू आला होता.

महिन्याभरापूर्वी गिरजाबाईंच्या सुनेचा, रिनाचा फोन आला. बाईंच्या घशात गाठ निघाली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशननंतर आवाज राहणार नव्हता.

“आईचं एकच म्हणणं हाये ताई,” रिना म्हणाली. “म्हणते, एकदा बोलू द्या. सगळ्यायले एका टायमाले ऐकू गेलं पाह्यजे. सकाळी आवाज ठीक रायते. दुपार झाली का बसते.”

म्हणून अकराची वेळ. केंद्राचा वाढदिवस शनिवारी होता, आणि ऑपरेशन लगेच पुढच्या सोमवारी ठरलं होतं. संघप्रियाने हे प्रफुल्ल सरांना त्यांच्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं होतं. सर फोनवर होते. त्यांनी मान हलवली, “हो हो, घ्या ना,” म्हणाले आणि पुन्हा फोनमध्ये शिरले.

शनिवारी सकाळ चांगली निघाली. बुद्धवंदना झाली, भजन झालं, नूरी नावाच्या शिक्षिकेने नात, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं गीत म्हटलं. रईसच्या भुवया खाली होत्या. बाजारभावही नीट गेले. साडेनऊला कृषी सहायक आले आणि धानावरच्या तुडतुड्यांबद्दल बोलू लागले. तिथून वेळ सुटत गेली. फोन थांबेनात. कोणाचं धान पिवळं पडलं होतं, कोणाचं लोळलं होतं. एक म्हातारा तर नुसता विचारत होता की मी सांगतो ते तुम्हाला ऐकू येतं का, आणि ऐकू येतं म्हटलं की समाधानाने पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

गिरजाबाई दहाच्या आधीच आल्या होत्या. रिनाने त्यांना धरून जिना चढवला होता. हिरवी नऊवारी, गळ्याभोवती मऊ मफलर, कपाळ मोकळं. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर ताठ बसल्या. संघप्रिया पाया पडायला वाकली तशी त्यांनी तिला हात धरून वर उठवलं.

“जय भीम पोरी. पाया नको पडू, मले खाली वाकून उचलता येत नाई.”

आवाज खर्जातला होता, थोडा खरखरीत, पण भरलेला. संघप्रियाला बरं वाटलं.

“बाई, थोडा उशीर होईल. शेतीवाले आटपत नाहीत.”

“होऊ दे. धान मोठं हाये.”

रईसने मधेच यंत्रांपासून उठून येऊन सुचवलं की तोवर इथेच मोबाइलवर एकदा रेकॉर्ड करून ठेवू, हाताशी असलेलं बरं. गिरजाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

“मोबाइलमंदी बोलाले मी घरी बसली असती ना बाबू. समोर लोक पाह्यजेत. दिसले नाई तरी चालते, पण बसले हायेत हे मले माहीत पाह्यजे. सोमाजी रेडिओ घेऊन बसला असन. त्याले आता दिसत नाई, ऐकू येते.”

सोमाजी म्हणजे त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेले नट. नदीकाठच्या एका गावात मुलाकडे राहत होते. रिनाने सांगितलं की बाईंच्या गावातही विहाराजवळ लोक जमणार आहेत, कोणी तरी मोठा स्पीकर लावला आहे.

अकराला पाच कमी असताना कृषी सहायक उठले. संघप्रियाने गिरजाबाईंच्या कोपराला हात लावला, आणि त्याच वेळी जिन्यात पावलं वाजली. संस्थेचे अध्यक्ष आले होते. त्यांची वेळ दुपारी तीनची होती. त्यांच्यामागे हार घेतलेले लोक, त्यांच्यामागे प्रफुल्ल सर.

“संघप्रिया मॅडम, साहेबांना चिमूरला कार्यक्रम आहे. आत्ताच घेऊन टाकू.”

“सर, आत्ता गिरजाबाई आहेत.”

“बाई आहेत ना इथेच. दिवसभर आहेत.”

“सर, मी तुम्हाला सांगितलं होतं. दुपारनंतर त्यांचा आवाज...”

“दहा मिनिटं फक्त,” सर म्हणाले आणि त्यांनी स्वतः स्टुडिओचं दार उघडून धरलं.

अध्यक्ष भले गृहस्थ होते. आत जाताना त्यांनी गिरजाबाईंना नमस्कारही केला. पण माइकसमोर बसल्यावर त्यांना त्यांची शाळा आठवली, शाळेतले मास्तर आठवले, नदी पोहून परीक्षेला गेल्याचं आठवलं. संघप्रिया समोर बसून प्रश्न विचारत होती. काचेपलीकडे रईस भुवया उडवत होता. तिने दोनदा “शेवटचा प्रश्न” म्हटलं. दोन्ही वेळा उत्तरातून नवी आठवण निघाली. तिला वाटलं आता सरळ माइक बंद करावा. तिचा हात टेबलावर होता, बटण वीतभर दूर होतं. तिने ते दाबलं नाही. पाच वर्षांत तिने कोणाचाच माइक बंद केला नव्हता.

बाहेर आली तेव्हा बारा वाजून गेले होते. गिरजाबाई तशाच ताठ बसल्या होत्या. रिना त्यांना थर्मासमधलं कोमट पाणी पाजत होती.

“आता चला बाई.”

“मॅडम, प्रश्नमंजूषा,” प्रफुल्ल सर म्हणाले. ते अध्यक्षांना खाली पोचवून धापा टाकत परत आले होते. “बारानंतर लगेच असं आपण आठवडाभर सांगतोय. बियाणेवाल्यांनी बक्षिसं दिलीत. त्यांचे लोक बसलेत खाली.”

“सर, बक्षिसं एक वाजता दिली तर काय बिघडेल?”

“शब्द दिलाय.”

“शब्द मीपण दिलाय.”

सरांनी तिच्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. मग आवाज खाली आणून, समजुतीच्या सुरात म्हणाले, “तुम्ही उगाच मनावर घेता. कार्यक्रम कोणाचाच रद्द नाही. फक्त मागेपुढे.”

रिना उभी राहिली होती. काही तरी बोलणार होती. गिरजाबाईंनी तिच्या पदराला धरून तिला खाली बसवलं.

“तुझ्या साहेबाले नको भांडू,” त्या संघप्रियाला म्हणाल्या. “मी पहाटेपर्यंत पडद्यामागं बसून राह्यलेली हाये. मले बसता येते.” पण बोलताना त्या मधे थांबल्या आणि घसा साफ केला. संघप्रियाने ते ऐकलं.

प्रश्नमंजूषा झाली. मग तिला चिकटून पाककृती झाली, कारण मोहफुलांचे लाडू घेऊन आलेल्या बचतगटाच्या बायकांची परतीची जीप दोनला होती आणि त्या खरोखरच थांबू शकत नव्हत्या. लाडूंची कृती संघप्रिया विचारत होती. फुलं किती वेळ भिजवायची, गूळ किती, आणि तिचं लक्ष काचेतून बाहेर होतं. रिना बाईंच्या पाठीवरून हात फिरवत होती.

बायका उठल्या आणि लाइन गेली.

पंखे थांबले. खाली रस्त्यावरच्या झेरॉक्सवाल्याने कोणाला तरी हाक मारून विचारलं, सगळीकडची गेली का. सगळीकडची गेली होती. कुठे तरी तार तुटली होती, संध्याकाळपर्यंत येते की नाही सांगता येत नाही असं कळलं. जनरेटर मागच्या उन्हाळ्यापासून बंद होता. त्याच्या दुरुस्तीचं संघप्रिया दर बैठकीत बोलत आली होती.

“इन्व्हर्टर किती वेळ?” तिने विचारलं.

“सकाळपासून व्होल्टेज कमी आहे ताई. बॅटरी पुरी भरली नाय,” रईस म्हणाला. “वीस मिनिटं धरा. टॉवर लवकर खातो.”

प्रफुल्ल सर फोन कानाला लावून खाली गेले होते. तेलुगू गाण्यांची मुलं जिन्यात ताटकळत होती. संघप्रियाने कोणाला विचारलं नाही. तिने गिरजाबाईंना उठवलं, आत नेलं, खुर्चीवर बसवलं, बॅटरीवरचा छोटा दिवा टेबलावर ठेवला आणि दार लावून घेतलं. फोन बाहेर ठेवायचा हा तिने स्वतःच केलेला नियम होता. आजही तिचा आणि रईसचा फोन बाहेरच्या टेबलावर राहिला.

“बाई, आता तुम्हीच.”

“लोक हायेत ना?”

“आहेत.”

तिने चार वाक्यांत ओळख करून दिली आणि माइक त्यांच्याकडे सरकवला. कानावरचा हेडफोन गिरजाबाईंनी नको म्हणून बाजूला केला. त्यांनी मफलर सोडला. गळ्यावर सुजेसारखा फुगवटा दिसत होता. त्या क्षणभर दिव्याकडे पाहत राहिल्या आणि मग त्यांच्या जुन्या कंपनीच्या नाटकातला सभेचा प्रवेश त्यांनी सुरू केला. गावाने वाळीत टाकलेली एक सुईण. भर सभेत तिला गाव सोडायला सांगतात, आणि ती एकेका पंचासमोर जाऊन उभी राहते.

“तू बोल, महादू. तुही माय तीन रोज तळमळत होती. तुले या हातानं ओढून काहाडलं मी. तवा हे हात बाटले नव्हते? आन तू रे, तोंड फिरवून बसला तू. पायाळू आला होता तू. तुह्या बापानं माह्या पायावर पागोटं ठेवलं होतं. ते पागोटं आज तुह्या डोक्यावर हाये...”

संघप्रिया हे सगळं ऐकत होती. आवाज बसला नव्हता. कसा ते तिला कळलं नाही. बहुतेक सकाळपासून बाईंनी तो जपून ठेवला होता, एक एक घोट पाणी पिऊन. तो खोलीत मावत नव्हता. मऊ भिंतींच्या त्या डबीसारख्या खोलीत मंडपाच्या टोकाला बसलेला माणूस दिसावा अशा बाई बोलत होत्या.

तिने काचेकडे पाहिलं. रईस उभा होता. त्याच्या भुवया वर नव्हत्या, खाली नव्हत्या. त्याने दोन्ही हात पसरले आणि मान नकारार्थी हलवली. संघप्रियाने हेडफोन कानाला लावला. आत काहीच नव्हतं, साधी खरखरसुद्धा नाही. टेबलावरच्या मिक्सरचा हिरवा दिवा विझला होता. बॅटरी वीस मिनिटं टिकली नव्हती, केव्हाच संपली होती. टॉवर बंद, यंत्रं बंद, रेकॉर्डिंगचा संगणकही बंद.

बाई बोलतच होत्या. त्या दुसऱ्या पंचावरून तिसऱ्यावर आल्या होत्या.

थांबवावं का? संघप्रियाने तोंड उघडलं आणि मिटलं. बाहेरच्या टेबलावर तिचा फोन होता. दार उघडून तो आणता आला असता, निदान उरलेलं तरी टिपता आलं असतं. पण दार उघडलं की बाईंची नजर वळली असती आणि सगळं तुटलं असतं. ती बसून राहिली. रईसही काचेला टेकून उभा राहिला. त्याला आता काही ऐकू येत नव्हतं, नुसते ओठ दिसत होते.

शेवटी सुईण म्हणते की मी जाते, पण माझ्या मागून पहिली बाळंतीण अडेल तेव्हा मला हाक मारू नका, तुमच्या हाका ऐकू येणार नाहीत इतकी मी दूर गेलेली असेन. ते वाक्य बाईंनी अगदी हळू म्हटलं. मग त्यांनी मफलर पुन्हा गळ्याभोवती घेतला.

“बरं झालं?” गिरजाबाईंनी विचारलं.

“फार,” संघप्रिया म्हणाली. तिने उठून दार उघडलं.

बाहेर रिना उभी होती. तिच्या हातातला फोन सारखा वाजत होता. तिने काही विचारायच्या आत गिरजाबाईंनी हात पुढे केला, “सोमाजी असन, दे,” म्हणाल्या. रिनाने संघप्रियाकडे पाहिलं. संघप्रियाने मान खाली घातली.

फोनमधला आवाज म्हातारा आणि मोठा होता, सगळ्यांना ऐकू आला.

“गिरजे, काऊन वो, रद्द झाला का कार्यक्रम? तुहं नाव घेतलं तिनं, तू ‘बोल महादू’ म्हटलं, आन रेडिओ मेला. मी कवाचा बटन फिरवून राह्यलो.”

गिरजाबाई ऐकत राहिल्या. त्यांनी संघप्रियाकडे पाहिलं, यंत्रांपाशी उभ्या रईसकडे पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाल्या, “लाइन गेली बाबा. घे आता जेवून.”

त्यांनी फोन रिनाला परत दिला आणि खुर्चीवर बसल्या. या वेळी ताठ नाही.

“तुले माहीत होतं?” त्यांनी विचारलं.

“मधे कळलं बाई.”

“मंग सांगतलं काऊन नाई?”

“तुम्हाला थांबवणं जमलं नाही.”

बाईंनी थर्मास उघडला. त्या पाणी प्यायल्या. गिळताना त्यांचे डोळे मिटले गेले.

रिना पुढे आली. “ताई, तुम्ही अकरा म्हटलं होतं. आम्ही पहाटे निघालो. डॉक्टरनं बोलू नको म्हणून सांगतलं होतं, तरी आणलं मी इले. कोणाच्या भरोशावर आणलं?” तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं.  याचं उत्तर प्रफुल्ल सरांच्या रूपात खाली कोणाशी तरी फोनवर बोलत उभं होतं.

लाइन साडेपाचला आली. तोवर तेलुगू मुलं निघून गेली होती, गोंडी गाण्यांचा संच परतला होता. मुलांचा कट्टा घाईघाईत झाला. प्रफुल्ल सर वर आले, घामेजलेले आणि खरोखर दमलेले. त्यांनी दुपारभर वीज कार्यालयाला फोन केले होते. “शेवटची वीस मिनिटं आहेत. बाईंचं घेऊन टाका आता,” ते म्हणाले, जणू काही मोठी सोय करून देत होते.

गिरजाबाई गेल्या नव्हत्या. रिना दोनदा चला म्हणाली होती. त्या नुसती मान हलवत राहिल्या होत्या. संघप्रिया त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

“बाई, जमेल?”

बाईंनी तोंड उघडलं. हवा बाहेर आली. खरखर, त्यात मधेच एखादा शब्द. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, चेहरा वेदनेने आखडला, आणि त्यांनी हात वर करून पुरे म्हटलं. मग संघप्रियाचा कान ओढून जवळ घेतला आणि त्यात कुजबुजल्या.

“तू बोल. मी मागून सांगतो.”

“बाई, मला नाटक येत नाही.”

“मास्तर मागून सांगते, नट बोलते. आमी असंच शिकलो. बस.”

नाटक कंपनीत विंगेत बसून संवाद पुरवणाऱ्याला मास्तर म्हणत. संघप्रियाने रईसकडे पाहिलं. त्याने नुसती मान हलवली आणि जागेवर जाऊन बसला.

असा तो प्रयोग झाला. संघप्रिया माइकसमोर, गिरजाबाई तिच्या कानाशी. बाई अर्धं वाक्य श्वासातून सांगायच्या, संघप्रिया ते मोठ्याने म्हणायची. पहिल्या पंचाला ती बातम्या वाचल्यासारखी बोलली. बाईंनी तिच्या दंडाला चिमटा काढला. दुसऱ्या पंचाला ती ओरडली, तेव्हा त्यांनी तिच्या तोंडावर हात ठेवला, म्हणजे हळू. तिसऱ्या पंचाशी येईतो संघप्रियाचा दिवसभरचा राग कुठून तरी आवाजात उतरला. तिला समोर पंच दिसत नव्हते. दार उघडून धरलेला एक हात दिसत होता. पहिल्या पंचाला विचारलेलाच प्रश्न तिसऱ्यालाही होता. “तवा हे हात बाटले नव्हते?” ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. बाईंनी या वेळी चिमटा काढला नाही.

पण ते गिरजाबाईंचं नव्हतं. हे तिला बोलतानाही कळत होतं. दुपारी त्या खोलीत जे झालं होतं त्याची ही साधी नक्कलसुद्धा नव्हती.

सात वाजता दिवसाची सांगता झाली. प्रफुल्ल सर पेढे घेऊन आले. “वा मॅडम, तुमच्यात ही पण कला आहे. दिवस छान गेला एकूण.” त्यांनी एक पेढा गिरजाबाईंपुढे धरला. बाईंनी गळ्याला हात लावून नाही म्हटलं.

“एक फोन आला होता फक्त,” सर पुढे म्हणाले. “तक्रार म्हणून नाही, पण लक्षात ठेवा. शेवटच्या कार्यक्रमात मागून कोणी तरी सारखं खुसपुसत होतं म्हणे. आवाज स्वच्छ नव्हता. स्टुडिओत शांतता पाहिजे.”

रईसने हातातली वायर खाली ठेवली. संघप्रिया सरांकडे पाहत राहिली.

“सर, ते खुसपुसणं म्हणजेच कार्यक्रम होता.”

“म्हणजे?”

“सोमवारी यांचं स्वरयंत्र काढणार आहेत. म्हणून अकराची वेळ होती. मी तुम्हाला तुमच्या टेबलाशी सांगितलं, आणि आज सकाळी दारात सांगायला लागले.”

सरांच्या हातात पेढ्यांचा डबा तसाच राहिला. त्यांनी गिरजाबाईंकडे पाहिलं, मग रिनाकडे. माणूस वाईट नव्हता, हे संघप्रियाला त्या वेळीही दिसत होतं, आणि त्याने तिचा राग कमी होत नव्हता.

“तुम्ही मला नीट सांगायला पाहिजे होतं,” ते म्हणाले.

संघप्रिया वळली. तिने थर्मास उचलला, बाईंचा मफलर नीट केला, आणि रिनाबरोबर त्यांना जिना उतरवून खाली आणलं. वडसाची शेअर जीप भरायला वेळ होता. तिघी गाडीत बसून राहिल्या.  जीप सुरू झाली तेव्हा संघप्रिया उतरली. बाईंनी खिडकीतून तिचा हात धरला, पण गाडी हलली आणि तो सुटला.

ऑपरेशन झालं. गिरजाबाई वाचल्या. दोन महिन्यांनी संघप्रिया त्यांच्या गावी गेली तेव्हा त्या अंगणात सुपात तूर निवडत बसल्या होत्या. गळ्याला छोटं भोक, त्यावर पातळ फडकं. खुणांनी बोलत होत्या आणि रिना ते सांगत होती. दोघींनी एकमेकींची भाषा चांगली बसवली होती. रागाच्या खुणा तर सगळ्या आळीला यायला लागल्या होत्या.

त्यांनी संघप्रियाला समोर बसवलं आणि बोटाने इशारा केला. म्हण.

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. अंगणात शेजारच्या बायका होत्या, कोंबड्या होत्या. तिने लाजत पहिल्या पंचाचं वाक्य म्हटलं. बाईंनी मान जोरात हलवली. चूक. त्यांनी स्वतःचा तळहात पुढे केला आणि बोटं आत ओढून घेतली, जणू काही आतून ओढून बाहेर काढायचं आहे. संघप्रियाने पुन्हा म्हटलं. पुन्हा चूक. रिना हसायला लागली.

चौथ्यांदा म्हणताना संघप्रियाला वैताग आला होता, आणि तो म्हणण्यात उतरला. गिरजाबाईंनी तुरीचं सूप बाजूला सारलं आणि पुढच्या वाक्यासाठी हात वर केला.